तिसरा दिवा

शुक्रवार

सगळ्यात आधी कोण टपकलं म्हणाल, तर समोरची शिवणवाली. माझी पिशवी अजून हातात, आणि ही दारात उभी, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. म्हणाली, आजी आल्या का, बरं झालं, या गल्लीत सगळे कानात ती फोनची बोंडं घालून बसतात, बोलायचं कोणाशी. मग कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरचं सांगितलं, त्याच्या बायकोचं सांगितलं, बायकोच्या बहिणीवर येणार तेवढ्यात लेकीनं मला आत ओढलं. म्हणते, आई, आल्या आल्या सुरू झालीस. झाले तर झाले. तोंड काय भाड्यानं आणलंय मी?

घर झकास आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, दार पुढं एक, मागं एक. मागच्या दाराची कडी सैल आहे, हिसका दिला की निघते. लेक आणि जावईबापू उद्या कामासाठी नदीपलीकडं जाणार, मंगळवारी परत. तोवर मी आणि नात. नात सहा वर्षांची, पुढचे दोन दात गायब. घरात तिला ठमी म्हणतात, बाहेर कोणाला हे नाव माहीत नाही, तिला लाज वाटते. ही वही जावईबापूंनी दिली. चौथीनंतर आजच एवढं लिहिलं. बोट दुखलं, पण मजा आली.

शनिवार

निघताना जावईबापूंनी मला शिकवलं. वादळ यायचंय, वीज दोनचार दिवस जाईल, पण रोज दुपारी चारला ठमीला टॅबवर आई भेटली पाहिजे, नाहीतर ती घास घेत नाही. तर इंटरनेटची डबी आहे कपाटावर. वीज गेली की डबीशेजारची बॅटरी तिला चालवते. बॅटरी पुरवून वापरायची, म्हणजे चारलाच डबी चालू करायची आणि बोलणं झालं की बंद. आभाळ कडाडलं की बाहेरून येणारी पांढरी वायर डबीतून काढायची, नाहीतर डबी जळते. थांबलं की परत लावायची. डबीला तीन हिरवे दिवे. तिसरा लागला म्हणजे बाहेरची लाइन आली, मग बोला. मी सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. जावईबापू म्हणाले, पैकीच्या पैकी.

ते गेले आणि तासाभरात आभाळ फाटलं. वीज गेली. मी वायर काढली, टोकाला पिशवी बांधली आणि कपाटामागं सारली. आहे की नाही हुशार?

रविवार

कडाडणं थांबलं, वारा तेवढा आहे. चारला डबी चालू केली. दोनच दिवे लागले. तिसरा गेला वाटतं, दिवेही म्हातारे होतात. पण टॅब लगेच वाजला की. लेक. आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. चित्र नव्हतं. ती म्हणाली, चित्र बंदच ठेव, बॅटरी टिकते. शहाणी आहे. ठमी मात्र हिरमुसली. दूध बिस्किटावर झोपली.

मी बोलले अर्धा तास. लेकीनं एकदाही मधे तोडलं नाही.

सोमवार

पूल पाण्याखाली गेला, असं शिवणवालीनं खिडकीतून ओरडून सांगितलं. चारला पुन्हा बोलणं झालं. बाळ कशी आहे, असं लेक विचारत होती. मी म्हटलं, बाळ काय, ठमी म्हण की, नाहीतर ती रुसेल. मग ठमी ठमी करत राहिली. माझ्या लहानपणीचं सांग म्हणाली, मी सगळं सांगितलं, गुडघ्याला टाके पडले ते, शाळेतून पळून आली ते. दर वेळी म्हणायची, मग पुढं? लग्नाआधीसुद्धा माझं एवढं ऐकून घेतलं नव्हतं हिनं. जीव सुखावला.

दारं नीट लावतेस ना, असंही विचारलं. मी मागच्या कडीचं सांगितलं. जादा किल्ली कुंडीखाली ठेवलीय तेही.

मंगळवार

चारला बोलणं झालं. पूल बंद, म्हणून लेक आज नाही, गुरुवारी दुपारी येते म्हणाली. येईन तेव्हा ठमीलाच दार उघडायला सांग, तू उठू नकोस, गुडघे दुखतात तुझे.

गुडघ्यांचं मी तिला सांगितलं होतं का? सांगितलं असेल.

ठमी कोपऱ्यात जाऊन बसलीय. म्हणते, आजी, ती आई नाही. मी म्हटलं, मग कोण गं? तर म्हणते, ती श्वास घेत नाही.

पोरं काहीही बोलतात. टॅब मी उशीखाली ठेवला.

बुधवार

शिवणवालीच्या घरात पाणी शिरलं. भाऊ तिला न्यायला आला, तो पावाची गाडी चालवतो, पलीकडच्या काठावरून होडीतून आला. जाता जाता तिनं खिडकीतून चिठ्ठी दिली, पलीकडं लेकीनं भावाच्या हाती दिलेली. लेकीचं अक्षर. तिचा ळ पोट फुगल्यासारखा असतो, तोच.

लिहिलंय – आई, शनिवारपासून रोज चारला फोन लावतेय, एकदाही लागला नाही. जीव टांगणीला लागलाय. पूल गुरुवारी सकाळी उघडतोय. दुपारपर्यंत पोचतो.

तीनदा वाचलं. मग उठून कपाटामागं हात घातला.

पांढरी वायर तिथंच होती. पिशवी बांधलेली. शनिवारची. मी ती परत लावलीच नव्हती.

मग तीन दिवस मी कोणाशी

शिवणवालीला हाक मारली. होडी निघून गेली होती.

चार वाजले. डबीला हात लावला नाही. टॅब वाजला. आपोआप सुरू झाला. म्हणाली, आज डबी लावली नाहीस, असू दे. उद्या येतेच आहे.

गुरुवार, सकाळ

कुंडीखाली किल्ली नाही.

मागच्या दाराला टेबल लावलं, टेबलावर दळणाचा डबा. पुढची कडी, वरची, खालची. ठमी माझ्या पदराला धरून आहे.

लेक आली की दाराआडून काहीतरी विचारायचं, जे तिलाच माहीत असेल. टाके – सांगितले. शाळा – सांगितली. तिच्या बापाचं शेवटचं बोलणं – तेही सांगितलं, रडत सांगितलं. तीन दिवस मी तोंड मिटलंच नाही. एक गोष्ट राखून ठेवली असती तर

दुपार

पुढच्या दारावर थाप. आई, आम्ही आलो, भिजलोय, उघड. लेकीचा आवाज. माझी लेक –

मागच्या दारावर थाप. आई, आम्ही आलो.

तोच आवाज. टेबल सरकतंय.

ठमी म्हणते, मला कळतं, श्वास ऐकते. तिनं माझा हात सोडला. पुढच्या दाराला कान लावलाय. आता मागच्या. तिचा चेहरा

दोघींनीही गुरुवारच सांगितला होता. ठमी कडीला हात घालतेय, आणि मला अजून कळलेलं नाही, खरी लेक कोणत्या दारा–