येते म्हण

१२ ऑक्टोबर, रविवार संध्याकाळ. वेस्ट विंडसर

आज ईराला म्युझियमला नेलं. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रांच्या दालनात ती एका चित्रासमोरून हलेचना. तिच्याच वयाची, पाचेक वर्षांची मुलगी. एका पायात लाल बूट, दुसरा हातात. मी म्हटलं, "बघ, कशी शहाणी आहे, आपणहून बूट काढते. नाहीतर तू."

निघताना ईरा तिला "बाय" म्हणाली. मी सवयीनं टोकलं. "मराठीत. आणि जाते म्हणायचं नाही, येते म्हण." एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी पोर चित्राकडे बघून म्हणाली, "येते हं." मला केवढं कौतुक वाटलं.

मग शेजारची पाटी वाचली. मुलगी गेल्यावर आईवडिलांनी काढवून घेतलेलं चित्र. पायातून काढलेला बूट म्हणजे मूल गेल्याची त्या काळातली खूण.

का म्हणायला लावलं मी? ईराच्या बाबाला, महेशला सांगितलं तर हसेल. एखादे वेळी मीही हसले असते. पण घरी आल्यावर ईरानं दारातच एक बूट काढला आणि तो हातात धरून बसून राहिली. दुसरा काढ म्हटलं तर म्हणाली, "आई, व्हेन आर वी गोइंग? आय टोल्ड हर येते."

"नाही जायचं आपल्याला. येते नाही म्हणायचं तिला."

"देन व्हॉट डू आय से? जाते?"

मी तिच्या तोंडावर हातच ठेवला.