छताखालचं जंगल

१८ नोव्हेंबर, सकाळ
हॉलच्या छतावर ओलीचा डाग. भाकरीएवढा. बरोबर वरच्या बाथरूमखाली. दिवाळीआधी नव्हता. तेव्हापासून बाथरूममध्ये काहीच बदललं नाही, फक्त मी नव्या ड्रिलने भिंतीत स्टीलचा हूक बसवला. एकहाती. सारं घर त्याला टॉवेल टांगतं, कौतुक कोणी करत नाही.
बायको रंजीता म्हणते, देवाजी प्लंबरला बोलवा. देवाजी आधी टाइल्स फोडतो, मग विचार करतो. घरात शिकलेला माणूस असताना प्लंबर कशाला? आमच्या नंदिनीला पाहायला पाहुणे मंडईच्या जत्रेला येणार, रात्री नाटक पाहून मुक्काम करणार. तोवर डाग नाहीसा. संकल्प.

१९ नोव्हेंबर
कारण सापडलं. आंघोळीला लोक फार पाणी घेतात. आजपासून सगळ्यांनी अंगणात आंघोळ करायची. थंडी आहे, पण शिस्त हवी. मी तेवढा वर करतो, निरीक्षणासाठी.

२१ नोव्हेंबर
डाग सुपाएवढा. नंदिनीला सर्दी. म्हणजे दोष आंघोळीचा नाही. हेही संशोधनच. रंजीता बोलत नाही. बोलली तर एकच शब्द, देवाजी.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
दुपारी बाथरूमभर निळीचं पाणी सोडलं. फरशी गळत असेल तर डाग निळा होणार. झाला नाही. फरशी निर्दोष. निष्कर्ष: छताला घाम येतो. माझे पाय मात्र निळे.

२५ नोव्हेंबर
काल चुना मारला. आज चुन्यातून डाग वर, शिवाय पोपडे. चैन नाही. जेवतानाही नजर वरच. नंदिनीने विचारलं, पाहुणे मले पाहायले येऊन राह्यले का छत पाहायले?

२७ नोव्हेंबर
तोड निघाली. आमच्या वडसा गावात नाटक कंपन्यांना काय तोटा? ओळखीच्या एकाकडून जुना पडदा आणला, जंगलाच्या देखाव्याचा. छताखाली आडवा ताणून बांधला. वर पाहिलं की साग, ओढा, मोर. देवाजीला हे सुचलं असतं का?

२८ नोव्हेंबर, मंडई
पाहुणे आले. मुलगा अजय आणि त्याचे वडील भैयाजी. भैयाजींना मधोमध मानाची खुर्ची. पोहे झाले, पडद्याची तारीफ झाली. मग मोर हळूहळू खाली यायला लागला. पडद्यात पाणी साचेल हे कोणी सांगितलंच नव्हतं. जंगल फाटलं. सगळं भैयाजींच्या अंगावर, चुन्यासकट.
त्यांना वर आंघोळीला पाठवलं. त्यांनी ओला सदरा हुकाला टांगला. हूक स्क्रूसकट हातात, भिंतीतून धार. आत पाइप होता म्हणे. नेमका तिथेच पाइप टाकायचं कारण काय?
भैयाजी टॉवेल गुंडाळून खाली आले. हातात हूक. "हा कोनं ठोकला जी?"
रंजीता माझ्याकडे पाहत होती. मी छताकडे.
"देवाजीभाऊनं," नंदिनी म्हणाली.
भैयाजींनी देवाजीला दोन शिव्या घातल्या. एक मीही घातली.

२९ नोव्हेंबर
नाटक छान झालं. सोयरीक पक्की. सकाळी देवाजी येऊन पाइप जोडून गेला. पाहुणे आपल्याकडे असे का पाहतात, ते त्याला कळेना. मी त्याला दोनदा चहा पाजला.
पाहुणे गेल्यावर नंदिनी ड्रिल मशीन घेऊन समोर उभी राहिली. "हे देवाजीभाऊले देऊन टाका, बाबा. मी गेल्यावर तुमच्यासाठी खोटं कोन बोलन?"
देऊन आलो. येताना डोळ्यांतून पाणी.
कारण: मंडईची धूळ.