राहिलेला उखाणा

माजलगाव
कार्तिक वद्य ३, शके १८४४

राधाकिशनराव यांस शहादेवचा नमस्कार.

इकडील सर्व क्षेम, असे लिहायची हाताला सवय आहे. पण तसे नाही. आईच्या माघारी घरात मी आणि सत्यभामा अशी दोनच माणसे उरलो. मी सरकारी शाळेत शिकवतो. सिंदफणेला यंदा पाणी बरे आहे, ज्वारीही बरी आहे. तुम्हाला त्यात काय स्वारस्य असणार? पण एकदम मुद्द्यावर यायचे धैर्य होत नाही.

तुम्ही हैदराबादेस दुसरा संसार मांडलात तेव्हापासून सत्यभामा माझ्याकडेच, भावाच्या घरी आहे. कुंकू लावते. हळदीकुंकवाला मात्र जात नाही, कारण तिथे बायका नाव घ्यायला लावतात.

आश्विनात एका सकाळी भाकरी करपल्याचा वास आला. जाऊन पाहतो तर ती चुलीपुढेच बसलेली. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड वाकडे झालेले. अर्धांगवायू. पाय आता सुधारला, भिंतीला धरून चालते. वाचा मात्र गेली. आपण बोललेले सगळे तिला समजते. पाणी हवे असले की लोट्याकडे बघत राहते आणि तिचे डोळे भरून येतात.

वाचा गेली असे लिहिले, तेही पुरते खरे नाही. तोंड उघडले की ती एक गोष्ट म्हणते, स्पष्ट, न अडखळता:

सिंदफणेला पाणी, बांधला दगडी घाट,
राधाकिशनरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट.

लग्नाच्या दिवशी तुमच्या बहिणीने दार अडवले होते, तेव्हाचा उखाणा. भूक लागली तरी हाच, हात दुखला तरी हाच. शेजारची छबुबाई आता भाकरी करून द्यायला येते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मास्तर, बाहेरचं लागलंय यांना. न्हाईतर ज्यानं टाकलं त्याचं नाव कोन घेतंय?"

दवाखान्याचे डॉक्टर युसूफ हसले. "भूत न्हाई मास्तरसाब, दिमाग हाय." गेल्या लढाईत डोक्याला गोळ्या लागलेल्या शिपायांची टिपणे विलायतेच्या मासिकांतून येत असतात, ती ते मागवून वाचतात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की उजवा हात जातो आणि बोलणेही जाते. पण शब्द शोधून बोलणे वेगळे आणि पाठ झालेले बोलणे वेगळे. पाठ झालेले पुष्कळदा शाबूत राहते. कुणा शिपायाची फक्त प्रार्थना उरते, कुणाची फक्त शिवी. "बहेनजीजवळ उखाणा राहिला, शिवी न्हाई राहिली. शुक्र माना," असे म्हणून त्यांनी मला चहा पाजला.

अशा माणसांना शब्द पुन्हा शिकवता येतात, असे त्या मासिकांत आहे. डॉक्टरांनी मला रीत सांगितली. मी लोटा समोर धरतो, "सिंदफणेला" एवढे म्हणून थांबतो. ती "पाणी" म्हणते. मग काहीच न बोलता लोटा धरायचा. पुष्कळ दिवस ती नुसतीच बघत राहिली. परवा म्हणाली, "पाणी." मी तो लोटा तिच्या तोंडाशी न्यायचाच विसरलो. आता अंगणातला दगड दाखवून "दगड" चालले आहे.

राहता राहिले ते नाव. लोट्यासारखा माणूसच समोर बसला, तर तोही शब्द उखाण्यातून सुटेल आणि मागोमाग आणखी सुटतील, असे मला वाटते. म्हणून हे पत्र. एकदा या. मुक्कामाला राहू नका, नुसते तिच्यासमोर बसा.

ही मागणी तिच्यासाठीच आहे ना, हे मी रोजनिशीत लिहून स्वतःला विचारले. रोजनिशी उत्तर देत नाही.

तुमचा
शहादेव


माजलगाव
पौष शुद्ध ९

राधाकिशनराव यांस नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. संक्रांतीला रजा काढून येतो म्हणता. तुमचे अक्षर अजून तसेच आहे, ओळीच्या शेवटी खाली उतरणारे.

पत्र मी सत्यभामेला वाचून दाखवले. ती डाव्या हाताने तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारले, "राधाकिशनराव येऊ देत ना?"

ती म्हणाली, "न्हाई."

हा शब्द उखाण्यात नाही. मला इतका आनंद झाला की तसाच पायांत वहाणा अडकवून दवाखाना गाठला. डॉक्टर युसूफ यांना म्हणालो, नवा शब्द आला, तिचा स्वतःचा. ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "लफ्ज आला, लई चांगलं झालं. सवाल काय होता?"

मी सांगितले. ते पुन्हा खाली बसले. "मग जवाब पण आला की मास्तरसाब. तुम्ही हैदराबादला लिहिलं, ते तिला विचारून लिहिलं होतं?"

नव्हते विचारले. जिला बोलता येत नाही तिलाही विचारायचे असते, हे मला सुचलेच नव्हते.

तरी मनात शंका राहिली. असे रोगी "हो" म्हणायचे तिथे "नाही" म्हणून जातात, असे डॉक्टरांनीच पूर्वी सांगितले होते. घरी येऊन मी तिची परीक्षा घेतली. तुझं नाव छबू? "न्हाई." ही शेंग तुरीची? तिने होकाराची मान हलवली. राधाकिशनरावांनी यावं? "न्हाई." येऊ नये? पुन्हा होकाराची मान. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तशी चुलीपुढून छबुबाई म्हणाली, "कितींदा विचारता मास्तर? कचेरीत हुबं केलंय का त्यांना?"

सत्यभामा हसली. अजून एकाच बाजूने हसता येते तिला.

दिवेलागणीला नेहमीप्रमाणे मी उखाणा सुरू केला. दगडी घाटापर्यंत तिने म्हटला. मग थांबली. शब्द अडला की तिचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. तसा तो झाला नव्हता. माझ्याकडे बघत ती म्हणाली, "सोडा माझी वाट." नाव घेतले नाही.

मला वाईट वाटले. भावाला अशा वेळी वाईट वाटावे, याचा मला उलगडा होईना. अजून वाटते आहे, म्हणून लिहितो. तिने तोंड उघडले की या घरात तुझे नाव ऐकू यायचे, आणि ते मला आवडू लागले होते. शिकायला होतो तेव्हा पुण्याच्या खोलीत आपण दोघे एका कंदिलाखाली वाचायचो. त्यानंतर इतके बोलायला मला कुणी मिळाले नाही. सत्यभामेच्या देखत तुझा विषय काढायचा नाही, हा नियम मी स्वतःच घातला आणि पाळला. तिची जीभ बंद पडली तेव्हा तुला पत्र लिहायला मला निमित्त मिळाले. समोर लोटा धरायचा म्हणून तुला बोलावले. तहान माझी होती.

तू येतो म्हणालास ते पत्र मी जपून ठेवीन.

पण राधाकिशन, येऊ नकोस. या पत्राचे उत्तरही पाठवू नकोस. आलेच तर मला ते तिला वाचून दाखवावे लागेल.

आज तिने "शेंग" म्हटले.

सत्यभामेचा भाऊ
शहादेव