बऱ्यापैकी सहमत

स्कारबरो, ३ नोव्हेंबर

ती. म्युरिअलताईस,
धाकट्या सेड्रिकचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, देशाचं मत ज्या हजार-दोन हजार लोकांवरून ठरतं त्यांत मी आलोय. हसू नकोस. मंगळवारी जनमत चाचणीवाल्या मुलीचा फोन आला होता. दवाखान्यातल्या रांगा, वीजबिलं, रस्त्यांतले खड्डे, चाळीस मिनिटं नुसते प्रश्न. उत्तरं मात्र ठरलेली: पूर्ण सहमत, बऱ्यापैकी सहमत, बऱ्यापैकी असहमत, पूर्ण असहमत आणि माहीत नाही. मी सगळीकडे बऱ्यापैकीच राहिलो. माणसानं पूर्ण कशाला व्हायचं?

बाहेरून येणारी माणसं फार झाली, असं मी ठणकावून सांगितलं. आमचे डॉक्टर नायर सोडून, असंही म्हटलं. औषधाच्या दुकानातली पोलिश बाई सोडून. सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर सोडून. मग उरलं कोण, ते आठवेना.

देश योग्य दिशेनं चाललाय का, याला मात्र मी पूर्ण असहमत दिलं. स्वतःच्या आयुष्याबद्दल काय वाटतं, तर बऱ्यापैकी समाधानी. शेवटी तिनं विचारलं, गेल्या आठवड्यात किती वेळा एकटं वाटलं. मी जरा थांबलो, तेवढ्यात ‘माहीत नाही’ लिहिते म्हणाली. अजून प्रश्न आहेत का म्हणून मी विचारलं, तर संपले म्हणाली.

तुझ्या मागच्या खोलीचं बघू.

लोभ आहेच, तो बऱ्यापैकी वाढावा.
सेड्रिक

लडलो, ९ नोव्हेंबर

चि. सेड्रिकास,
अनेक आशीर्वाद आणि एक कानपिचकी.

तुझ्या चाचणीचा निकाल पेपरात वाचला. देश रसातळाला चाललाय म्हणणारे ढीगभर, आणि आमचं आपलं ठीक आहे म्हणणारेही ढीगभर. मग रसातळाला गेलंय कोण? मला विचारशील तर सगळे तुझ्यासारखेच. घरचं रडगाणं देशाच्या नावावर गातात. एनिड होती तोवर तुझा देश बरा चालला होता रे. ती गेली आणि दोन वर्षांत त्याची पार वाट लागली.

बऱ्यापैकीची खोड तुझी जुनीच. लग्नात पाद्र्यानं विचारलं तेव्हाही ‘हो, तसं वाटतंय’ म्हणाला होतास. सगळं चर्च हसलं होतं. बिचारी एनिडसुद्धा.

ईस्टरपासून खोलीचं विचारतेय आणि तू ‘बघू’ लिहितोस. आता शेजारच्या मार्जरीची नात येत्या जानेवारीपासून ती राहायला मागतेय. तिला किती दिवस टांगून ठेवू? म्हणून सोबत माझी चाचणी पाठवतेय. चारच प्रश्न आहेत. ‘माहीत नाही’ मुद्दाम गाळलंय.

१. म्युरिअल चहा फिका करते.
२. म्युरिअल पत्त्यांत लबाडी करते.
३. सेड्रिकला एकटं वाटतं.
४. सेड्रिकनं लडलोला राहायला यावं.

तुझी काळजी वाटते, हे सरळच लिहिते. देशाचं त्याचं तो बघून घेईल.

तुझी,
म्युरिअल

स्कारबरो, १४ नोव्हेंबर

ती. म्युरिअलताईस,
सा. न. वि. वि.

चाचणी भरून पाठवतोय. पहिल्याला पूर्ण सहमत. तुझ्या चहातून कपाचा तळ दिसतो. दुसऱ्यालाही पूर्ण सहमत, आणि शाळेपासूनचे पुरावे आहेत माझ्याकडे.

तिसऱ्यापाशी अडलो. आधी ‘बऱ्यापैकी असहमत’वर खूण केली. मग खोडून ‘बऱ्यापैकी सहमत’वर. तेवढ्यात किटली उकळली म्हणून उठलो, आणि सवयीनं दोन कप काढले. रोजच काढतो. एक परत ठेवून आलो आणि तीही खूण खोडली. आता कागदाला भोक पडलंय, पण खूण कुठल्या टोकाला आहे ते तुला दिसेल.

त्या दिवशी चर्चमध्ये मला ‘पूर्ण’ म्हणायचं होतं, ताई. तोंडातून निघालं नाही. पुढं इतकी वर्षं होती, तरी एनिडला ते सांगायचं राहूनच गेलं.

चौथ्याला पूर्ण सहमत. मार्जरीच्या नातीला माझ्या वतीनं सॉरी सांग. शनिवारी दुपारी चारच्या गाडीनं पोचतो. चहा मी करीन.

लोभ आहे. पूर्ण.
सेड्रिक