चारशेवं झाड

३ मार्च, सकाळ
शी! आज पुन्हा सत्तावीस तक्रारी. तीच रड. आमच्या बागेच्या गेममध्ये चारशेवं झाड लावलं की सगळी बाग पुसली जाते म्हणे. प्रोग्राम माझाच आहे. लिहिताना वाटलं होतं, चारशे झाडं लावण्याइतकं रिकामटेकडं कोण असणार? निघाले. सगळ्या तक्रारी 'माझ्याकडे नीट चालतं' असा शेरा मारून बंद केल्या. खोटं नाही. तपासताना मी पाचच झाडं लावतो.

४ मार्च
एका बाईंनी लिहिलंय, तुम्हाला लाज वाटत नाही का. भाषा बघा! किळस येते अशा लोकांची. आमची टेस्टर म्हणाली, दुरुस्तीला दोन तास लागतील. तिला काय कळतंय? एक तास पुरे. या आठवड्यात उरकून टाकतो.

७ मार्च
बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बोटं हलती ठेवा. म्हणून मीच त्यांच्या फोनवर आमचा गेम टाकून दिला. (गेम आमच्या ऑफिसचा, एवढंच त्यांना ठाऊक; बनवणारा मी, हे सांगितलेलं नाही. मी ऑफिसात फार वरचं काहीतरी बघतो असा त्यांचा समज आहे.) आज सहज डोकावलो. तीनशे बहात्तर झाडं! अगदी सुतात. सगळी उजव्या बोटानं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. चारशेला अठ्ठावीसच उरली. पण रोज तीनच लावतात. म्हणजे नऊ दिवस आहेत. चिकार झाले.

९ मार्च
दुरुस्तीला बसलो. आधी टेबल आवरलं. मग प्रोग्राम उघडला. काय हा उकिरडा! वाचताना मळमळायला लागलं. लिहिलाय मीच, पण तेव्हा घाईत होतो. बंद केला.

११ मार्च
दुसरी युक्ती. बाबांना म्हटलं, दिवसाला एकच झाड लावा, डोळ्यांना त्रास होतो. म्हणाले, डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं काढली, तू मला डोळे शिकवू नकोस. रागाच्या भरात आज सहा लावली.

१३ मार्च
साहेब खवळले. तक्रारी थांबव म्हणाले. दुरुस्त कर असं म्हणाले नाहीत, हे मी नीट ऐकलं. बाग पुसली गेली की आता पाटी येते: 'अभिनंदन! नवी सुरुवात!' संध्याकाळपर्यंत तक्रारी निम्म्या. टेस्टर माझ्याकडे नासक्या दुधाकडे बघावं तशी बघत होती. जळते मेली.

१४ मार्च
बायकोनं विचारलं, बाबांची बाग वाचेल ना? म्हटलं, बाप कोणाचा आहे? आज तीनशे शहाण्णव. उद्या तीन लावली तरी एक उरतंच. उद्या ऑफिसात गेल्या गेल्या तेच काम.

१५ मार्च, सकाळी आठ
आज नक्की. चहा झाला की निघतोच.

१५ मार्च, साडेआठ
बाबांनी हाक मारली. आज डॉक्टरीणबाई तपासायला येणार, त्यांना चारशे पुरी करून दाखवायची म्हणून सकाळीच चार झाडं लावली होती. फोन पुढे केला. कोरी जमीन, वर माझी पाटी. ते म्हणाले, अजून हात सुधारला नाही रे, बोट भलतीकडेच पडलं असणार. तुमच्या ऑफिसात ज्यानं हे केलंय त्याला सांग, काम चांगलं होतं, माझ्या हातून मोडलं. मग उजवा हात डाव्या हाताखाली घेऊन बसले.

मला माझीच शिसारी आली. सगळं सांगून टाकायला तोंड उघडलं.

सांगतो त्याला, म्हणालो.