पुलाचा पाठपुरावा

१ मार्च २०१६, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. काम : मुकुंदवाडीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेला नाल्यावरचा पूल. वय पन्नासच्या वर, कठडा अर्धा गायब, खालून गंजलेल्या सळ्या दिसतात. तो पाडून नवा करून घ्यायचा. मुदत पावसाळ्यापर्यंत. पस्तीस वर्षं क्लार्की केली, शेवटी हेडक्लार्क. अर्ज कसा लिहायचा ते मला कुणी शिकवू नये.
रत्नमाला म्हणाली, आधी घरातला नळ दुरुस्त करा. म्हटलं, दुष्काळात नळाला पाणीच नाही, दुरुस्त करून काय उपयोग? तिसऱ्या दिवशी फकिराचा टँकर येतो, त्यावर भागतं.

४ मार्च
बांधकाम विभागात अर्ज दिला. तीन पानं, पाच प्रती. टेबलावरच्या मंजुषा मॅडम म्हणाल्या, जुन्या पुलांच्या देखभालीला निधीच नाही. नव्या रस्त्यांना आहे, बिडकीनच्या रस्त्याचं बघा कसं काम चाललंय. मग नवा पूलच द्या म्हटलं. तर म्हणाल्या, जुना उभा असताना नवा कसा मंजूर होईल? पडला की या.
अपमान गिळला. पण त्यातच मार्ग दिसला.

५ मार्च, पहाटे ५
दुसरा अर्ज. पूल पडला नाही, पण पडणार, हे पटवून द्यायचं. ‘कोणत्याही क्षणी’, ‘निष्पाप जीव’, सगळं घातलं. टँकर गेला की पूल हादरतो, हे मुद्दाम अधोरेखित केलं. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला. वा!

१४ मार्च
उत्तर नाही. म्हणजे विचार वरच्या पातळीवर चालू आहे. उद्यापासून रोज चार किलोमीटर चालणार.

२८ मार्च
मॅडमचा फोन. साहेबांनी अर्ज स्वतः वाचला. मार्च एंडच्या आत काहीतरी करून टाकू म्हणाले. जिंकलो! कॉलनीभर सांगितलं. भूमिपूजनाचा नारळ कुणी फोडायचा यावर बराच विचार केला. मीच.
चालणं एक तारखेपासून.

३१ मार्च, दुपारी
जीप आली. नारळ घेऊन धावलो. चार माणसांनी पुलाच्या दोन टोकांना दोन खड्डे केले, दोन फलक रोवले : ‘पूल धोकादायक. जड वाहनांस सक्त मनाई.’ निधी उरला होता, म्हणून उरलेल्या कठड्याला पिवळा-काळा रंग दिला. तासाभरात परत गेले.
नारळाची रत्नमालानं चटणी केली.

२ एप्रिल
फकिरानं टँकर पुलापलीकडंच थांबवला. दंड कोण भरणार म्हणाला. सगळी कॉलनी हंडे घेऊन पुलावरून ये-जा करत होती. शेजारच्या भागूबाई सत्तरीच्या. माझ्यासमोर हंडा टेकवून दम खाल्ला, पुन्हा उचलून चालू लागल्या. लई वाईट वाटलं. माझी कंबर धरलेली, म्हणून मी रांगेची शिस्त बघितली.

८ एप्रिल, गुढीपाडवा
संकल्प : फलक हटवणे. चालण्याचा विषय तूर्त बंद.

११ एप्रिल
फलक हटवायला पूल मजबूत असल्याचा दाखला लागतो. दाखल्याला तपासणी लागते. तपासणीला निधी नाही. मात्र तक्रारदारानंच पूल सुस्थितीत असल्याचं लिहून दिलं, तर टँकरपुरती सूट मिळेल. हे तर एका पानाचं काम. ‘संपूर्ण जबाबदारी माझी राहील’ लिहून झोकात सही केली. शिक्का मिळाला.

१३ एप्रिल, सकाळी ९
कागद घेऊन पुलावर गेलो. कॉलनी जमलेली. फकिरानं कागद दोनदा वाचला, घडी घातली, केबिनचं दार उघडलं. म्हणाला, “सही तुमचीच हाय नं, साहेबराव काका? मग बसा शेजारी. संगंच जाऊ.”
एक पाय पायरीवर ठेवला. दहा हजार लिटर पाणी. खाली सळ्या. माझाच दुसरा अर्ज आठवला, शब्दन् शब्द. फकिराला दोन लेकरं आहेत, हेही तेव्हाच आठवलं. भीती वाटली. रोजनिशीत खोटं कशाला लिहू?
पाय खाली घेतला. कागद परत मागून फाडला. भागूबाईंचा हंडा उचलला.

दुपारी १
अकरा खेपा. कंबर कामातून गेली. रत्नमाला बाम चोळत म्हणाली, “काही म्हणा, दुसरा अर्ज तुम्ही खरा लिहिला व्हता.”
परवा टँकर येईल. तेव्हा भागूबाईंचे चार हंडे माझ्याकडे.