लेव्हर्न टटलच्या हातून सुटलेला चेंडू

कॉटर्स बेंड, नेब्रास्का
२४ मे १९३७

ती. आयडेला आत्यास नेटीचा नमस्कार.

तुझे गुडघे आता बरे असतील अशी आशा करते. आधी माझी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की गस कोल्बेच्या दाणावैरणीच्या दुकानात बाबांच्या गोष्टी रंगल्या की लेव्हर्न टटलही सगळ्यांबरोबर हसतो. तो हसत नाही. नुसते दात दाखवतो. शनिवारी मी जवळून पाहिलं.

बाबांच्या स्मारक समितीनं मला तिथं गोष्टी उतरवून घ्यायला बसवलंय (अक्षर चांगलं, शिवाय त्यांचीच मुलगी). बाबांना जाऊन वर्ष झालं, पण त्यांचा चेंडू दर आठवड्याला आणखी वेगानं जातोय. गस म्हणतो, १९०९च्या त्या बेसबॉल सामन्यात त्यांच्या चेंडूनं पलीकडच्या गोठ्याची फळी फोडली. (गोठा १९१३चा आहे, चौकटीवर साल कोरलंय. तसं सांगितलं तर म्हणाला, "पोरी, तुझ्या बापाचा चेंडू तो! फिरत असेल चार वर्षं!") तेवढ्यात लेव्हर्न कोंबड्यांचे दाणे घ्यायला आला. गसनं पोतं पुढं केलं आणि म्हणाला, "दोन्ही हातांनी धर रे बाबा!" सगळं दुकान खिदळलं. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. त्यानं बायकोच्या शवपेटीची कडी धरली तेव्हाही मागून कुणीतरी हळूच तेच म्हणालं होतं.

आता ते स्मारकाच्या दगडावरही कोरलंय: 'एमेट स्ट्रंक यांनी संपूर्ण सामन्यात चेंडू टाकताना प्रतिस्पर्ध्यांना एकही फटका मारू दिला नाही. एकच गडी पहिल्या बेसवर पोचला, तोही टटलच्या हातून चेंडू सुटल्यामुळे.'

तारीख तपासायला मी तुझी स्कोअरची वही काढली. याच वह्यांवर तू मला घरी बेरजा शिकवल्यास, आणि बजावलंस, की लिहिलेलं पुसायचं नाही, एक रेघ मारायची, म्हणजे आधीचं वाचता येतं. सगळ्या वह्यांत तू तसंच केलंयस. फक्त त्या सामन्याच्या पानावर, सातव्या डावात, कागद घासून पातळ झालाय. खिडकीशी धरला की तुझ्या हातची खूण दिसते: स्वच्छ फटका. तिच्यावर टटलची चूक लिहिलीय, ती बाबांच्या अक्षरात.

म्हणजे तो चेंडू लेव्हर्नच्या हाताला लागलाच नव्हता.

मी गसला पान दाखवलं. त्यानं चष्मासुद्धा काढला नाही खिशातून. म्हणाला, "दगड कोरून झालाय, पोरी. आणि लेव्हर्नला सवय आहे."

बाबा माझे फार लाडके होते. (वरचं वाक्य पुन्हा वाचलं. अजून आहेत. म्हणून तर झोप येत नाही.)

तुझी
नेटी

ता. क. लेव्हर्नला अजून सांगितलेलं नाही. तो विचारेल, आयडेलाला ठाऊक होतं का.

आणखी एक. होतं ना?

शेवटचं. गुडघ्यांची चौकशी केली ती खरं तर यासाठी, की अनावरणाच्या व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत. वही मी आणीन, वाचायचं तू. तू आली नाहीस तर मी एकटी चढेन, दगडावरचा कपडा काढायच्या आधी: शनिवार, १२ जून, दुपारी दोन वाजता.